पळत्या पायांचा नेम : बेसबॉलमधील फेकीची दीडशे वर्षे

(१)
लगोरी खेळलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. उभे राहून रचलेल्या ठिकऱ्यांवर नेम धरणे वेगळे आणि पळता पळता पळणाऱ्या गड्याच्या पाठीत चेंडू हाणणे वेगळे. पहिल्या कामात हाताची परीक्षा असते, दुसऱ्यात साऱ्या देहाची. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ मानला जाणारा बेसबॉल आपल्या बाल्यावस्थेत लगोरीचाच दूरचा भाऊबंद होता. त्यातही धावणाऱ्या गड्याला चेंडू मारून बाद करत. पुढे एका नियमाने ही प्रथा बंद केली आणि त्या बंदीतून एक नवे कौशल्य जन्माला आले : धावत असताना, तोल सुटत असताना, एका ठरलेल्या जागी अचूक फेक करण्याचे कौशल्य. ते शिकवायला माणसांना दीडशे वर्षे लागली. त्या शिकवणीचा हा इतिहास.

(२)
२३ सप्टेंबर १८४५ रोजी न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने आपले नियम लिखित स्वरूपात स्वीकारले. त्याआधी ठिकठिकाणी चेंडूफळीचे निरनिराळे प्रकार खेळले जात. त्यांपैकी अनेकांत धावणाऱ्याच्या अंगावर चेंडू फेकून त्याला बाद करणे मान्य होते. या प्रकाराला ‘सोकिंग’ म्हणत. निकरबॉकर नियमांनी ते स्पष्ट शब्दांत नाकारले. चेंडू बेसवर उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या हाती पोहोचला पाहिजे किंवा हातातील चेंडूने धावणाऱ्याला स्पर्श केला पाहिजे. त्याच्या अंगावर चेंडू कोणत्याही परिस्थितीत फेकायचा नाही.

वरवर पाहता हा सभ्यतेचा नियम वाटतो. प्रत्यक्षात त्याने खेळाची रचनाच पालटली. पूर्वी लक्ष्य पळत होते आणि ते माणसाच्या देहाएवढे मोठे होते. आता लक्ष्य स्थिर झाले, लहान झाले आणि बरेचदा दूर गेले. शिवाय चेंडू कोणाच्या अंगावर बसणार नसल्यामुळे तो अधिक कठीण करता आला. कठीण चेंडू दूर जातो, वेगाने जातो आणि अचूक फेकला तर सरळही जातो.

(३)
याच क्लबात डॉ. डॅनियल ॲडम्स नावाचे एक वैद्य होते. १८१४ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेले हे गृहस्थ १८४५ मध्येच क्लबचे सभासद झाले. त्या काळचा चेंडू इतका हलका असे की मैदानाच्या टोकावरून केलेली फेक मध्यापर्यंतच येऊन मरगळे. १८५० च्या सुमारास ॲडम्स यांनी त्यावर उपाय शोधला. बाहेरच्या आणि आतल्या क्षेत्ररक्षकांच्या मध्ये एक गडी उभा करायचा. त्याने बाहेरून आलेला चेंडू घ्यावा, वळावे आणि आत पोहोचवावा. ही जागा म्हणजे ‘शॉर्टस्टॉप’. आज ही जागा मैदानावरील सर्वांत चपळ खेळाडूला दिली जाते. तिचा जन्म मात्र निव्वळ टपालवाहक म्हणून झाला. चेंडू सुधारला तसा हा टपालवाहक आत सरकला आणि जमिनीवरून सरपटत येणारे फटके अडवू लागला.

१८५७ च्या अधिवेशनात नियम समितीचे नेतृत्वही ॲडम्स यांच्याकडेच होते. दोन बेसमधील अंतर ९० फूट निश्चित झाले ते तेव्हाच. हा आकडा आजही बदललेला नाही. फटका मारून पहिल्या बेसपर्यंत पोहोचायला आजच्या सामान्य उजव्या फलंदाजाला साधारण सव्वाचार सेकंद लागतात. चेंडू अडवणे, उचलणे, फेकणे आणि तो पोहोचणे, हे सारे त्या अवधीत उरकावे लागते. थांबून, पाय रोवून, नेम धरायला पुष्कळदा सवडच नसते.

(४)
खेळ शिस्तीने शिकवण्याची पद्धत बेसबॉलला दिली ती क्रिकेटच्या माणसांनी, हा या इतिहासातील रंजक योगायोग. हॅरी राइट यांचा जन्म १८३५ चा, इंग्लंडमधील शेफील्डचा. अमेरिकेत ते व्यावसायिक क्रिकेटपटू होते. १८६९ मध्ये त्यांनी सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी असलेला पहिला संघ उभा केला. त्यांचा धाकटा भाऊ जॉर्ज शॉर्टस्टॉप होता. त्याचा त्या हंगामाचा पगार १,४०० डॉलर होता. कर्णधार असलेल्या थोरल्या भावापेक्षाही अधिक. जॉर्जच्या हातात जोर असल्यामुळे तो इतरांपेक्षा मागे उभा राहू शके आणि त्यामुळे अधिक चेंडूंपर्यंत पोहोचे. हॅरी यांनी संघाला सामन्यापूर्वीचा नियमित सराव आणि एकाची फेक चुकली तर दुसऱ्याने मागे उभे असण्याची सवय लावली.

दुसरे क्रिकेटप्रेमी म्हणजे १८२४ मध्ये एक्सेटर येथे जन्मलेले पत्रकार हेन्री चॅडविक. सामन्याचा धावफलक वर्तमानपत्रात कोष्टकरूपाने मांडण्याची रीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्या कोष्टकात क्षेत्ररक्षकाच्या चुकांनाही जागा मिळाली. चुकलेली फेक आता विस्मरणात जाणार नव्हती. ती खेळाडूच्या नावापुढे कायमची नोंदली जाणार होती. या नोंदीची भीती पुढे कोणाकोणाला ग्रासणार होती, ते या धाग्याच्या उत्तरार्धात येईल.

(५)
फलंदाजांनाही एक पळवाट सापडली होती. जोरात फटका मारण्याऐवजी बॅट नुसती आडवी धरून चेंडू दोन-चार पावलांवर मरगळू द्यायचा आणि धाव ठोकायची. हा ‘बंट’. तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक मागे उभा असे. तो पुढे येऊन, वाकून, उभा राहून फेक करेपर्यंत फलंदाज पोहोचलेला असे. १८९० च्या दशकातील बाल्टिमोर ओरिओल्स हा संघ या युक्तीत तरबेज होता.

त्यावर उत्तर शोधणाऱ्यांत जिमी कॉलिन्स यांचे नाव अग्रणी आहे. १८९५ मध्ये लुईव्हिलकडून खेळताना, बाल्टिमोरच्या बंटपुढे संघ हतबल झाल्यावर त्यांना तिसऱ्या बेसवर आणले गेले आणि त्यांनी एकामागून एक फलंदाज बाद केले, अशी हकीकत सांगितली जाते. त्यांची रीत अशी होती : चेंडूकडे धावत सुटायचे, उघड्या हाताने तो उचलायचा आणि न थांबता, न उठता, वाकलेल्या स्थितीतूनच खालच्या कोनातून पहिल्या बेसकडे फेकायचा. धावणे, उचलणे आणि फेकणे या तीन क्रिया त्यांनी एका क्रियेत सांधल्या. १९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टनला विजय मिळवून देणारे खेळाडू-व्यवस्थापकही हेच कॉलिन्स.

(६)
ही फेक इतकी अवघड का, याचे उत्तर बेसबॉलपेक्षा फार जुने आहे. १६३२ च्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून सोडलेल्या दगडाची चर्चा केली होती. दगड मागे न पडता डोलकाठीच्या पायथ्याशीच पडतो, कारण जहाजाचा वेग त्याच्यातही असतो. धावणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या हातातील चेंडू म्हणजे तोच दगड.

साधा हिशेब करून पाहू. समजा, पहिला बेस ३० मीटर दूर आहे आणि फेकीचा वेग सेकंदाला ३० मीटर आहे. चेंडू एका सेकंदात पोहोचेल. पण फेकणारा नेमाच्या रेषेला आडव्या दिशेने सेकंदाला ३ मीटर वेगाने सरकत असेल, तर त्याने हात अगदी बेसवर रोखला तरी चेंडू सुमारे ३ मीटर बाजूला जाईल. एक पाय बेसवर ठेवून उभ्या असलेल्या सहकाऱ्याचा हात तिथवर पोहोचणे शक्य नाही. म्हणजे अशा वेळी ‘नेमका’ नेम हाच चुकीचा नेम ठरतो.

त्यात आणखी एक भर पडते. उजव्या हाताने, खांद्याखालच्या कोनातून फेकलेला चेंडू फिरकीमुळे उजवीकडे वळतो. तिसऱ्या बेसकडून पुढे धावत येणाऱ्याच्या बाबतीत धावण्याचा वेगही चेंडूला त्याच बाजूला, म्हणजे पळत येणाऱ्या फलंदाजाकडे ओढतो. म्हणून जाणते प्रशिक्षक त्याला बेसच्या आतल्या बाजूला, डावीकडे नेम धरायला सांगतात आणि चेंडूला बेसवर ‘येऊ देतात’.

(७)
तरीही बराच काळ शिकवणीचा मंत्र उलटाच राहिला : चेंडूसमोर या, दोन्ही हातांनी धरा, पाय रोवा, मग फेका. त्याला कारण होते. सुरुवातीचे खेळाडू उघड्या हातांनी खेळत. १८७० च्या दशकात चामड्याचे हातमोजे आले तेही बोटे उघडी असलेले, जेमतेम तळवा झाकणारे. एका हाताने चेंडू धरणे हा जुगार होता. मोजा मोठा आणि खोल होत गेला तसा हा जुगार कमी होत गेला, आणि मोकळे झालेले पाय पळत राहू शकले. पण शिकवणारे अनेकदा आपल्या तरुणपणीचा खेळच शिकवत असतात. धावता धावता एका हाताने केलेली फेक दीर्घकाळ दिखाऊपणा म्हणून हिणवली गेली.

शिकवणीला कारखान्याची शिस्त दिली ती ब्रँच रिकी यांनी. १९४८ मध्ये फ्लोरिडातील व्हेरो बीच येथे, नौदलाच्या जुन्या तळावर, ब्रुकलिन डॉजर्सचे सराव केंद्र सुरू झाले. तेथे घसरण्याच्या सरावासाठी वाळूचे हौद होते आणि चेंडू टाकणाऱ्यांना अचूकता यावी म्हणून ताणलेल्या दोऱ्यांची चौकट होती. कौशल्य अंगभूत असते या समजुतीला या केंद्राने मोठा धक्का दिला. रिकी यांनीच आणलेल्या जॅकी रॉबिन्सन यांचे उदाहरण बोलके आहे. निग्रो लीगमध्ये ते शॉर्टस्टॉप होते. पण त्या जागेसाठी त्यांच्या फेकीत पुरेसा जोर नाही असे ठरले. १९४६ मध्ये त्यांना मॉन्ट्रियलमध्ये दुसऱ्या बेसवर आणि १९४७ मध्ये, वर्णभेदाची भिंत ओलांडताना, पहिल्या बेसवर उभे करण्यात आले. साऱ्या देशाचे वैर सोसत असलेल्या माणसाला त्याच वेळी नवी जागा आणि नवी पावलेही शिकावी लागली.

(८)
१० ऑक्टोबर १९७० रोजी सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना होता. वर्ल्ड सिरीज कृत्रिम हिरवळीवर खेळली जाण्याची ती पहिलीच वेळ. ली मे याने मारलेला जोरदार फटका तिसऱ्या बेसच्या पलीकडे गेला. बाल्टिमोरचे ब्रूक्स रॉबिन्सन यांनी तो उलट्या हाताने अडवला. त्यांचा देह सीमारेषेबाहेर चालला होता, पहिला बेस अगदी विरुद्ध दिशेला होता. त्याच ओघात गर्रकन वळून त्यांनी चेंडू सोडला. तो एक टप्पा घेऊन बूग पॉवेल यांच्या मोज्यात गेला आणि ली मे बाद झाला.

येथे टप्पा महत्त्वाचा आहे. तोल गेलेल्या अवस्थेत हवेतून पूर्ण अंतर कापणारी फेक वर किंवा बाजूला भरकटण्याची भीती असते. सपाट हिरवळीवर एक टप्पा पाडला की चेंडू अपेक्षित उंचीवर येतो. सिनसिनाटीच्या त्याच संघात डेव्ह कॉन्सेप्सिऑन नावाचा व्हेनेझुएलाचा तरुण होता. पुढे कोपर दुखावल्यावर याच टप्प्याच्या फेकीला त्याने मुद्दाम घडवलेल्या तंत्राचे रूप दिले. पिढ्यानपिढ्या दोष मानल्या गेलेल्या गोष्टीचा अशा रीतीने अभ्यासक्रमात प्रवेश झाला.

(९)
आता त्या नोंदवहीतील भीतीकडे वळू. चक नॉब्लॉक हा दुसऱ्या बेसवरचा नावाजलेला क्षेत्ररक्षक. १९९७ मध्ये त्याला उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लोव्ह’ मिळाला. १९९८ मध्ये तो न्यूयॉर्क यँकीजमध्ये आला. १९९९ मध्ये त्याच्या नावावर २६ चुका लागल्या. दुसऱ्या बेसवरून पहिल्या बेसकडे करायची फेक ही मैदानावरील सर्वांत सोप्या फेकींपैकी एक. नेमकी तीच त्याला जमेनाशी झाली. १७ जून २००० रोजी त्याची फेक पहिल्या बेसवरून थेट प्रेक्षकांत गेली आणि एका वृद्ध स्त्रीच्या चेहऱ्यावर आदळली. २००१ मध्ये त्याला दूरच्या डाव्या क्षेत्रात पाठवण्यात आले. त्याच्या आधी, १९८३ मध्ये, लॉस एंजेलिसच्या स्टीव्ह सॅक्सला याच आजाराने पछाडले होते. त्या हंगामात त्याने ३० चुका केल्या, पण तो त्यातून सावरला.

या व्याधीला अमेरिकेत ‘यिप्स’ म्हणतात. तिचे विचित्र लक्षण असे की ती अवघड फेकीपेक्षा सोप्या फेकीला जास्त डसते. धावत जाऊन, वळून, क्षणात फेकायचे असेल तर विचाराला अवकाश नसतो आणि शिकलेला देह आपले काम करतो. चेंडू आरामात हातात आला, समोर वेळच वेळ आहे, अशा वेळी मन मध्ये पडते. पाय थांबले की हात डगमगतो. ‘पाय रोवा, मग फेका’ या जुन्या मंत्रावर याहून मोठे प्रश्नचिन्ह कोणते असेल?

(१०)
त्याच यँकीज संघातील दुसरे दृश्य १३ ऑक्टोबर २००१ चे, ऑकलंडचे. न्यूयॉर्कवरील दहशतवादी हल्ल्याला महिना उलटला होता. पाच सामन्यांच्या मालिकेत यँकीज ०–२ ने मागे होते. हा सामना हरले असते तर हंगाम संपला असता. सातव्या डावात ते १–० ने पुढे असताना ऑकलंडच्या टेरेन्स लाँगने उजव्या कोपऱ्यात फटका मारला. पहिल्या बेसवरचा जेरेमी जिआम्बी थेट होमकडे धावत सुटला. क्षेत्ररक्षक शेन स्पेन्सरची फेक मध्ये उभ्या असलेल्या दोन्ही सहकाऱ्यांच्या डोक्यावरून गेली आणि चेंडू पहिल्या बेसच्या रेषेजवळ निराधार उसळू लागला.

तेवढ्यात शॉर्टस्टॉप डेरेक जेटर मैदान ओलांडून तेथे पोहोचला. त्याने धावता धावता चेंडू उचलला आणि आपल्या धावण्याच्या दिशेला आडवा, मनगटाच्या झटक्याने होर्हे पोसाडाकडे सरकवला. जिआम्बी बाद झाला. सामना १–० ने, आणि पुढे मालिका ३–२ ने, यँकीजनी जिंकली.

तो प्रसंग अनेकांना दैवी स्फुरण वाटला. परंतु फेक चुकली तर तिसरा माणूस कोठे असावा याचा संघाने सराव केला होता, असे जेटर आणि व्यवस्थापक जो टोरी या दोघांनीही नंतर सांगितले. हॅरी राइट यांनी शिकवलेली मागे उभे राहण्याची सवय १३० वर्षांनी अशी उपयोगी पडली.

(११)
हे घडवणारे लोक बहुधा पडद्याआडच राहतात. रॉन वॉशिंग्टन हे त्यांतील एक ठळक नाव. ऑकलंडमध्ये क्षेत्ररक्षण शिकवताना ते खेळाडूला गुडघ्यांवर बसवत, छोटा सपाट मोजा देत आणि जवळून हाताने चेंडू सोडत. आधी हात मऊ व्हावेत, मग पाय जोडावेत, मग वेग वाढवावा, असा त्यांचा क्रम. फेक हातातून नव्हे, पायांतून सुरू होते, हे रोजच्या शेकडो आवर्तनांतून अंगी मुरवायचे. तिसऱ्या बेसवरच्या एरिक चावेझने आपल्या गोल्ड ग्लोव्हपैकी एक या गुरूला भेट दिला. २०१५ मध्ये मार्कस सेमियन या शॉर्टस्टॉपच्या नावावर ३५ चुका होत्या. त्याच हंगामात वॉशिंग्टन परतले आणि रोज सामन्यापूर्वी त्याच्यासोबत मातीत उतरू लागले. पुढच्या वर्षांत सेमियन भरवशाचा क्षेत्ररक्षक म्हणून ओळखला जाऊ लागला.

(१२)
शेवटी वर्तुळ पूर्ण होते ते क्रिकेटच्या मैदानावर. ८ मार्च १९९२ रोजी ब्रिस्बेनच्या विश्वचषक सामन्यात जाँटी ऱ्होड्सने इंझमाम-उल-हकला धावबाद केले. क्षेत्ररक्षणाचा तो अजरामर क्षण. पण त्यात फेक नव्हतीच. चेंडू हातात घेऊन तो धावला आणि स्वतःलाच यष्ट्यांवर झोकून दिले. धावता धावता २२.८६ सेंटिमीटर रुंदीच्या यष्ट्यांवर नेम लागण्याचा भरवसा त्या काळच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकालाही तेव्हा पायांइतका वाटला नाही. बेसबॉलमध्ये निदान फेक सांभाळायला मोज्यातला हात असतो. यष्ट्या तर हलतही नाहीत.

दशकभरातच ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाने माइक यंग या अमेरिकी बेसबॉल प्रशिक्षकाला क्षेत्ररक्षण शिकवण्यासाठी बोलावले. चेंडूवर धावून जाणे, पावलांची अदलाबदल, खांदा लक्ष्याच्या रेषेत आणणे, फेकीनंतरही देह लक्ष्याकडे वाहू देणे, हे सारे बेसबॉलचे पाठ होते. एकेकाळी क्रिकेटच्या राइट बंधूंनी बेसबॉलला शिस्त दिली. आता बेसबॉलने ते ऋण फेडले. आज धावत्या क्षेत्ररक्षकाची थेट फेक यष्ट्यांवर आदळते, तेव्हा मुंबईच्या वानखेडेवर टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाला त्यामागचा डॉ. ॲडम्स यांचा हलका चेंडू आणि कॉलिन्स यांची वाकलेली पाठ आठवण्याचे कारण नसते.

(१३)
पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आठवावी. खेळांचा इतिहास आपण बहुधा विक्रमांच्या यादीसारखा वाचतो. येथे मात्र एका नियमाने एक गरज निर्माण केली, गरजेने युक्ती घडवली, युक्तीला आधी हिणवले गेले आणि नंतर तिचाच पाठ झाला. मधल्या काळात नॉब्लॉकसारख्या गुणी खेळाडूला नोंदवहीतील एकेका आकड्याचे ओझे वाहावे लागले, आणि सेमियनसारख्याला गुडघ्यांवर बसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता आली. दोघांमधील फरक केवळ हाताचा नव्हता. चूक मोजणारे पुष्कळ असतात. चुकलेल्या माणसासोबत रोज मातीत बसणारा एखादाच असतो.